नम्रतेवरील संशोधन कसे वाचावे आणि स्वतःचा अभ्यास कसा आखावा

नम्रता हा विषय घेऊन एम.ए.चा प्रकल्प, एम.एड.चा लघुशोधप्रबंध किंवा पीएच.डी.चा आराखडा करायला बसलेल्या विद्यार्थ्यापुढे फार लवकर एक अडचण उभी राहते. मानसशास्त्र, धर्माभ्यास, शिक्षणशास्त्र आणि व्यवस्थापन अशा चारही शाखांत निबंध सापडतात, सगळीकडे शब्द एकच असतो, पण प्रत्येकाने मोजलेली किंवा वर्णिलेली गोष्ट मात्र निराळी असते. मग ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणात चारही शाखांतील निष्कर्ष एकापुढे एक मांडले जातात आणि त्यातून नम्रता ही सर्व बाबतींत हितकारक असते असे सरसकट विधान तयार होते. ते टाळता येते. त्यासाठी प्रत्येक निबंध वाचताना तीन प्रश्न विचारावेत: ही नम्रता कोणाची, ती कोणापुढे, आणि ती त्या माणसात आहे असे कोण सांगतो? माझ्या मते या विषयातील बहुतेक गोंधळ या तीन प्रश्नांची उत्तरे न नोंदवल्यामुळे होतो, आणि आपल्यासारख्या वय, जात, पद आणि लिंग यांच्या उतरंडी असलेल्या समाजात तर दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

व्याख्या आधी वेगळ्या कराव्यात

मानसशास्त्राकडून सुरुवात करायची असेल तर जून टँगनी यांचा 2000 सालचा निबंध प्रथम वाचावा. स्वतःच्या क्षमतांचे यथार्थ मूल्यमापन, चुका आणि ज्ञानाच्या मर्यादा मान्य करण्याची तयारी, नव्या आणि विरोधी विचारांविषयी खुलेपणा, आपले कर्तृत्व मोठ्या संदर्भात ठेवून पाहणे, स्वतःतच गुंतून न राहणे आणि इतरांचे मोल जाणणे, अशी लक्षणे त्यांनी मांडली. स्वतःला कमी लेखणे या यादीत कोठेही नाही. उलट नम्रता आणि न्यूनगंड या दोन गोष्टी टँगनी स्पष्टपणे वेगळ्या करतात. पुढे 2004 साली पीटरसन आणि सेलिग्मन यांनी चारित्र्यातील 24 बलस्थानांचे वर्गीकरण केले, तेव्हा नम्रता आणि विनयशील वागणूक यांना एकाच बलस्थानात बसवून ते संयमाच्या गटात ठेवले. ही जोडणी सोयीची असली तरी अभ्यासकाने ती जशीच्या तशी स्वीकारू नये, कारण चारचौघांत आपल्या यशाविषयी बोलायचे टाळणारा माणूस मनातून स्वतःला कोठे ठेवतो, हे त्या टाळण्यावरून कळत नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या संशोधनात किबिओम ली आणि मायकेल ॲश्टन यांची सहा घटकांची ‘हेक्साको’ रचना आज बरीच वापरली जाते. निरनिराळ्या भाषांतील स्वभावदर्शक विशेषणांच्या अभ्यासातून ती उभी राहिली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा सात भाषांचा आधार होता. तिच्यातील ‘प्रामाणिकपणा-नम्रता’ या घटकाचे चार पैलू आहेत: निष्कपटपणा, न्याय्य वागणूक, हाव नसणे आणि विनय. हे चार शब्द नीट पाहिले की लक्षात येते की हा घटक मुख्यतः दुसऱ्याचा गैरफायदा न घेण्याविषयी आहे. आपले मत चुकीचे असू शकते ही जाणीव त्यात फारशी येत नाही. तेव्हा हेक्साकोवर आधारलेला निष्कर्ष बौद्धिक नम्रतेच्या पुष्टीसाठी उद्धृत करू नये.

बौद्धिक नम्रतेसाठी तत्त्वज्ञांकडे जावे. डेनिस व्हिटकोम, हेदर बॅटली, जेसन बेअर आणि डॅनियल हॉवर्ड-स्नायडर यांनी 2017 साली मांडलेल्या व्याख्येनुसार आपल्या बौद्धिक मर्यादांकडे योग्य तेवढे लक्ष असणे आणि त्यांची जबाबदारी स्वतःकडे घेणे म्हणजे बौद्धिक नम्रता. या व्याख्येचा फायदा असा की नम्र माणसाला आपली बलस्थाने नाकारावी लागत नाहीत. मर्यादा माहीत आहेत पण त्या झाकण्याची धडपड चालू आहे, अशा माणसाला ती व्याख्या नम्र म्हणत नाही, हेही तितकेच उपयोगाचे आहे.

याच सुमारास, 2018 साली, ॲरन वाइडमन, जोई चेंग आणि जेसिका ट्रेसी यांनी एक महत्त्वाचा भेद दाखवला. सामान्य माणसे ज्याला नम्रता म्हणतात त्यात दोन वेगळ्या प्रवृत्ती असतात: एक इतरांची कदर करणारी, जी यश मिळाल्यानंतरही टिकते आणि आत्मसन्मानाशी जुळते, दुसरी स्वतःला हीन मानणारी, जी अपयश, लाज आणि माघार यांच्याशी जोडलेली असते. हा निबंध वाचल्याशिवाय प्रश्नावली तयार करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

वाचन चालू असतानाच एक तक्ता करावा. प्रत्येक निबंधासमोर व्याख्या, मापनाचे साधन, माहिती देणारी व्यक्ती, ज्याच्यापुढे नम्रता दाखवली ती व्यक्ती आणि नमुना कोठला होता, एवढे पाच रकाने पुरेत. शोधताना इंग्रजीतील ‘ह्युमिलिटी’ आणि ‘मॉडेस्टी’ हे दोन्ही शब्द टाकावेत, ‘इंटलेक्चुअल’ आणि ‘लीडर’ हे शब्द जोडून वेगळे शोध घ्यावेत, आणि भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी शोधगंगा हे ऑनलाइन भांडार अवश्य पाहावे.

मापन: जो सांगतो, त्याच्यावर बरेच अवलंबून

मापनाची मूळ अडचण कोणालाही समजण्यासारखी आहे. ‘मी अत्यंत नम्र आहे’ या विधानाला ‘पूर्णपणे सहमत’ अशी खूण करणाऱ्या माणसाविषयी आपल्याला काय कळले? तो खरोखर नम्र असू शकतो, आपली प्रतिमा जपत असू शकतो, किंवा त्याला स्वतःची ओळखच नसू शकते. नम्र माणूस कदाचित त्याच विधानापुढे अडखळेल. यावर संशोधकांनी तीन मार्ग काढले आहेत.

पहिला मार्ग म्हणजे ‘नम्र’ हा शब्दच न वापरता त्यामागची वर्तने आणि विचार विचारणे. एलिझाबेथ क्रुमरे-मानकुसो आणि स्टीव्हन राऊस यांच्या 2016 सालच्या बौद्धिक नम्रतेच्या मापनीत 22 विधाने आहेत आणि ती चार घटकांत विभागली आहेत: बुद्धी आणि अहंकार यांची फारकत, मत बदलण्याची तयारी, इतरांच्या मतांविषयी आदर आणि बौद्धिक फाजील आत्मविश्वासाचा अभाव. मार्क लिअरी आणि सहकाऱ्यांची 2017 सालची मापनी तर फक्त सहा विधानांची आहे, त्यामुळे मोठ्या पाहणीत ती सहज बसते. लहान मापनी वापरताना एवढे ध्यानात ठेवावे की तिच्यातून घटकनिहाय निष्कर्ष काढता येत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे ओळखीच्या माणसांना विचारणे. डॉन डेव्हिस, जोशुआ हुक, एव्हरेट वर्दिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली नातेसंबंधांतील नम्रतेची 16 विधानांची मापनी दिली, आणि तिच्यात एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीविषयी मत देते. हा मार्ग मला अधिक पटतो, पण त्यालाही मर्यादा आहे. आवडत्या माणसात सगळेच गुण दिसतात. म्हणून त्याच प्रश्नावलीत त्या व्यक्तीविषयीच्या सर्वसाधारण पसंतीची एकदोन विधाने ठेवावीत आणि विश्लेषणात तिचा प्रभाव वेगळा काढावा. तिसरा मार्ग कृतीतून मोजण्याचा, आणि त्याचे उदाहरण शिक्षणाच्या भागात पुढे दिले आहे.

मराठीत मापनी आणताना केवळ अनुवाद आणि उलट अनुवाद (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) करून थांबू नये. ‘मी माझ्या मतांविषयी शंका घेतो, कारण ती चुकीची असू शकतात’ अशा आशयाचे एक विधान घ्या. महाविद्यालयातील प्राध्यापक त्यावर सहमतीची खूण करतो, तेव्हा तो आपल्या विषयातील मतांचा विचार करत असतो. जिचे मत घरात कधी विचारलेच जात नाही अशी गृहिणी त्याच विधानापुढे तीच खूण करते, तेव्हा तिच्या मनात ‘मला काय कळतंय’ हे वर्षानुवर्षे ऐकलेले वाक्य असू शकते. दोघांना सारखे गुण मिळतात आणि संगणक त्यांना एकाच गटात टाकतो. म्हणून घटक विश्लेषणाच्या (कोणती विधाने एकत्र जातात हे तपासणाऱ्या सांख्यिकी तंत्राच्या) आधी काही उत्तरदात्यांसमोर बसून प्रत्येक विधान त्यांना मोठ्याने वाचायला सांगावे, वाचताना डोक्यात कोणता प्रसंग आला तो विचारावा, आणि त्यांचे शब्द तसेच लिहून घ्यावेत. या टप्प्यावर घालवलेला वेळ पुढे कोणत्याही सांख्यिकी तंत्राने भरून काढता येत नाही.

याच्याच पुढची सूचना अशी की विधानांना दिशा द्यावी. ‘कोणी चूक दाखवली तर मी ती मान्य करतो’ हे विधान आपल्याकडे अपुरे आहे, कारण ‘कोणी’ म्हणजे कोण यावर उत्तर ठरते. त्याऐवजी दोन विधाने लिहावीत: एकात चूक दाखवणारा वयाने किंवा पदाने मोठा असावा, दुसऱ्यात लहान. साहेबांनी दाखवलेली चूक कारकून मान्य करतो, सासूने काढलेली खोट सून ऐकून घेते, यात आज्ञाधारकपणा किती आणि नम्रता किती हे सांगता येत नाही. विद्यार्थ्याने फळ्यावरची चूक दाखवल्यावर शिक्षक काय करतो, यातून मात्र बरेच कळते. दोन्ही विधानांच्या गुणांतील फरक हाच एक वेगळा चल म्हणून वापरता येईल, आणि भारतीय नमुन्यावर असे काम होण्याची फार गरज आहे.

धर्मग्रंथांना शोभेसाठी वापरू नये

अनेक प्रबंधांत पहिल्या प्रकरणात एखादे वचन येते आणि मग पुढे धर्माचा उल्लेख नसतो. हे धर्मपरंपरांवर अन्याय करणारे आहे, कारण आज मानसशास्त्र ज्या भेदांपाशी पोहोचत आहे त्यांतील कित्येक भेद या परंपरांनी फार आधी आणि फार बारकाईने मांडले आहेत. पाली बौद्ध परंपरेत ‘मान’ हे दहा संयोजनांपैकी, म्हणजे मनाला जखडणाऱ्या बंधनांपैकी, एक आहे, आणि त्यात मी दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ आहे, मी त्याच्याबरोबरीचा आहे आणि मी त्याच्यापेक्षा हीन आहे, या तिन्ही भावना येतात. स्वतःला हीन मानणे हाही मानच, कारण त्यातही मोजपट्टी स्वतःचीच असते. वाइडमन आणि सहकाऱ्यांनी सांख्यिकीतून वेगळी काढलेली दुसरी प्रवृत्ती येथे नम्रतेच्या बाहेरच ठेवलेली आहे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात अमानित्व (मानाची हाव नसणे) आणि अदंभित्व (दंभ नसणे) यांनी सुरू होणारी लक्षणांची यादी येते आणि शेवटी या सर्वांनाच ‘ज्ञान’ म्हटले जाते. बौद्धिक नम्रतेवर काम करणाऱ्याने या रचनेकडे थांबून पाहावे: येथे नम्रता ही ज्ञानाची शोभा नसून ज्ञानाच्या व्याख्येचाच भाग आहे. ज्ञानेश्वरीत अमानित्वाचे जे विस्तृत वर्णन आहे त्यात सर्वज्ञता लाभलेला माणूस मोठेपणाच्या भीतीने वेडेपणाच्या आड दडतो असे म्हटले आहे. टँगनींच्या यथार्थ मूल्यमापनाशी याचा विरोध आहे का? माझ्या वाचनाप्रमाणे नाही, कारण तो माणूस स्वतःची योग्यता चुकीची मोजत नाही; तो फक्त तिच्यामुळे मिळणाऱ्या मानापासून दूर राहतो. पण इतरांकडून माहिती घेणाऱ्या मापनीत असा माणूस कसा दिसेल, हा खरा संशोधनप्रश्न आहे आणि तो मराठी अभ्यासकालाच सुचू शकतो.

ख्रिस्ती परंपरेसाठी सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांची मठनियमावली पाहावी. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या 12 पायऱ्या आहेत आणि सातव्या पायरीवर साधूने आपण सर्वांहून हीन आहोत हे मनापासून मानावे, अशी अपेक्षा आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी नम्रतेला संयमात स्थान दिले आणि ती मनाच्या मोठेपणाला विरोधी नाही असे सांगितले, तर 1751 साली डेव्हिड ह्यूम यांनी तिची गणना निरुपयोगी अशा मठवासी गुणांत केली. हे तीन मुक्काम वाचले की परंपरेच्या आतच किती वाद आहे ते कळते आणि ‘सर्व धर्मांनी नम्रता शिकवली’ या वाक्यावर समाधान मानता येत नाही.

परंपरेवरची टीकाही त्याच गांभीर्याने वाचावी. व्हॅलरी सेव्हिंग यांनी 1960 साली दाखवून दिले की अहंकार हेच मूळ पाप मानणारे धर्मशास्त्र पुरुषांच्या अनुभवावर उभे आहे, आणि जिला आधीच स्वतःला विसरायला शिकवले गेले आहे त्या स्त्रीला आणखी आत्मविलोपन सांगणे घातक ठरते. आपल्याकडे हा प्रश्न जातीच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. चोखोबांच्या अभंगांतील दैन्य आणि ‘ऊस डोंगा परि रस नोहे डोंगा’ हा त्यांचाच ठाम स्वर, ही दोन्ही एकत्र वाचावीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वाभिमानावर दिलेला भर नम्रतेच्या संशोधनाबाहेरचा विषय समजू नये. ज्याच्यावर वाकणे लादले गेले त्याच्या वाकण्याला गुण म्हणता येत नाही, हे तत्त्व मापनाच्या मुळाशी असायला हवे. याउलट, वारीत वय आणि प्रतिष्ठा न पाहता वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. नमस्कार दोन्ही बाजूंनी होतो तेव्हा त्याचा मनावर काय परिणाम होतो, यावर क्षेत्रीय अभ्यास होण्याजोगा आहे.

धार्मिक माणसे अधिक नम्र असतात का, याचे उत्तर गृहीत धरू नये. योखेन गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी 2017 साली ख्रिस्ती श्रद्धाळूंमध्ये, आणि 2018 साली योग व ध्यान करणाऱ्यांमध्ये असे दाखवले की ज्या गुणांना त्या मार्गात महत्त्व आहे, त्याच बाबतींत माणसे स्वतःला सरासरीपेक्षा वरचे समजू लागतात. हे निष्कर्ष श्रद्धेला खोटे ठरवत नाहीत. साधनामार्गांनी साधनेच्या अहंकाराविषयी जो सावधगिरीचा इशारा दिला आहे, त्याच्याशी ते सुसंगतच आहेत.

वर्गातील अभ्यास

शिक्षणक्षेत्रात कृतीतून मापन करणे सर्वांत सोपे आहे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी 2002 साली दाखवले की शिवणयंत्र, चेन, फ्लशची टाकी अशा वस्तू कशा चालतात हे आपल्याला माहीत आहे असे माणसांना वाटते, परंतु पायरीपायरीने लिहायला सांगितल्यावर ती स्वतःचे गुण कमी करतात. हा प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात एका तासिकेत होतो. कुकरची शिट्टी कशी वाजते हे आपल्याला किती कळते, याला विद्यार्थ्यांनी 1 ते 7 पैकी गुण द्यावेत. मग कारणे लिहावीत. ‘वाफ कोंडली की शिट्टी होते’ येथपर्यंत बहुतेकांची मजल जाईल. वजनामुळे दाब ठरावीक मर्यादेत कसा राहतो आणि दाब वाढल्यावर पाणी 100 अंशांच्या वर का उकळते, येथे लेखणी थांबेल. त्यानंतर पुन्हा गुण द्यायला सांगावेत आणि दोन आकड्यांतील घट नोंदवावी. तुलनेसाठी पुरणपोळीच्या कृतीवर हेच करून पाहावे. मूळ अभ्यासात कार्यपद्धती आणि कथानके यांच्या बाबतीत घट कमी होती, तेव्हा तुमच्या वर्गातही तसेच होते का हे कळेल.

जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांचा 1999 सालचा निबंध या संदर्भात हमखास उद्धृत होतो. त्यात चाचणीतील गुणांनुसार सर्वांत खालच्या चतुर्थकातील (तळच्या पाव भागातील) विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरी 12व्या शतमकावर (शंभरांत सुमारे 12 जण त्यांच्या खाली) होते आणि स्वतःला 62व्या शतमकावर समजत होते. तो निष्कर्ष देताना त्यावरील आक्षेपही द्यावा: टोकाचे गुण दुसऱ्या मापनात सरासरीकडे सरकतातच, आणि बहुतेक माणसे स्वतःला सरासरीहून थोडी वर मानतात, या दोन कारणांनीही त्या आलेखाचा बराच भाग तयार होऊ शकतो.

वर्गात प्रश्न न विचारणाऱ्या मुलाला शिक्षकांच्या गुणांकनात ‘नम्र’ ठरवले जाते. हे गुणांकन एकटे कधीही वापरू नये. तेनेल पोर्टर यांच्या अभ्यासांत बौद्धिक नम्रता ही शिकण्याच्या चिकाटीशी आणि विरोधी मत समजून घेण्याशी जोडलेली दिसते. ती गप्प बसण्याशी जोडलेली नाही.

नेतृत्व

जिम कॉलिन्स यांनी 2001 साली व्यक्तिगत नम्रता आणि व्यावसायिक निर्धार असलेल्या ‘पाचव्या पातळीच्या’ नेत्याचे चित्र लोकप्रिय केले. त्यांचा आधार 11 कंपन्यांचा होता, आणि त्या यशस्वी ठरल्यानंतर निवडलेल्या होत्या. त्यांपैकी इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणारी सर्किट सिटी 2008 साली दिवाळखोरीत गेली आणि गृहकर्जांच्या क्षेत्रातील फॅनी मे त्याच वर्षी सरकारी देखरेखीखाली आली. यशस्वी कंपनीच्या प्रमुखात लोकांना नंतर सद्गुण दिसतातच, म्हणून या प्रकारचा पुरावा कल्पना सुचवण्यापुरता घ्यावा.

त्यापेक्षा ब्रॅडली ओवेन्स यांचे काम भक्कम आहे. त्यांनी आणि डेव्हिड हेकमन यांनी 2012 साली 55 नेत्यांच्या मुलाखतींवर आधारित निबंध लिहिला, आणि 2013 साली सहकाऱ्यांसह नऊ विधानांची मापनी दिली. स्वतःला यथार्थ पाहण्याची तयारी, इतरांच्या बलस्थानांची कदर आणि शिकण्याची तयारी हे तिचे तीन भाग. तिचे बळ असे की गुण हाताखालचे लोक देतात, म्हणजे दिशा वरून खाली तपासली जाते. एमी ओऊ, ॲन त्सुई आणि सहकाऱ्यांनी 2014 साली चीनमधील 63 खासगी कंपन्यांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची नम्रता, वरिष्ठ चमूतील एकोपा आणि मधल्या फळीतील व्यवस्थापकांचा प्रतिसाद यांचा संबंध तपासला. उतरंड मानणाऱ्या समाजातील हा अभ्यास आपल्याला अमेरिकी अभ्यासांपेक्षा जवळचा आहे.

अशा आराखड्यात नेत्याचे गुण आणि परिणामाचे मापन एकाच माणसाकडून एकाच दिवशी घेऊ नये. नम्रतेचे गुण सहकाऱ्यांकडून घ्यावेत आणि कामाची आकडेवारी संस्थेच्या नोंदींतून घ्यावी. एकाच नेत्याविषयी सहकाऱ्यांची मते जुळतात का हे आधी तपासावे. ती जुळत नसतील तर सरासरी काढण्यापेक्षा तो मतभेदच अभ्यासावा, कारण एखादा प्रमुख काहींपुढेच नम्र असू शकतो.

परवानगीचे काम शेवटासाठी ठेवू नये. मापनी वापरण्याआधी तिच्या कर्त्यांची लेखी संमती आणि आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी. शाळा किंवा कार्यालयात साहेबांविषयीची प्रश्नावली विभागप्रमुखांमार्फत वाटू नये आणि त्यांच्याकडे जमाही करू नये. बंद पाकीट थेट संशोधकाकडे यावे. हस्ताक्षर ओळखता येईल असे मोकळ्या उत्तरांचे प्रश्न लहान कार्यालयात टाळावेत, वय आणि सेवेची वर्षे नेमकी न विचारता गटांत विचारावीत, आणि ज्या प्रमुखाविषयी दोघातिघांनीच मत दिले असेल त्याचे गुण अहवालात स्वतंत्र ओळीत छापू नयेत.